मुसकी, पन्नास नग

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्या घरी झालं आणि बाळाचं बारसं आम्हाला बाळ धरून पाच माणसांत उरकावं लागलं, ते साल. सन दोन हजार वीस, चैत्र महिना. पाळण्याचे दोर मी स्वतः वळले होते, चार पदरी, मधून एक लाल पदर. पाळणा सोप्यात टांगला. लेक बाळाला घेऊन बसली, माझी मंडळी हौसा पाळण्याचं गाणं आठवत होती, आणि सून उज्ज्वला दारात साबणाचं पाणी घेऊन पहाऱ्याला उभी होती. जावई सांगोल्यात अडकलेले, मुलगा भोसरीत अडकलेला. सगळा मुलूखच जिथल्या तिथं अडकलेला.

"पिऱ्या, कुत्रं आवर! नातू बघाय आलोय!"

आमच्याकडं कुत्रं नव्हतं. पन्नास वर्षं तात्या फाटकाशी येऊन हेच ओरडायचा.

तात्या म्हणजे हिंदुराव जगदाळे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला. गावात बहुतेकांनी ट्रॅक्टर घेतले, मळणीची मशिनं आणली, तरी ह्यानं दावणीला दोन खिलार बैल ठेवले होते. त्यांचे कासरे, दावी, वेसणी, मुसकी, सगळं माझ्या हातचं. दोर वळणं हा आम्हा अवघड्यांचा पिढीजात धंदा. लहानपणी मी जगदाळ्यांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायचो. मोठेपणी तो माझ्या फाटकात येऊन ओरडायचा. मधली वाट आम्ही दोघांनी मिळून तुडवली.

तात्या आत आला. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात बाळाची नवी कुंची आणि तोंड उघडं. उज्ज्वलानं हात आडवा केला.

"तात्या, तिथंच थांबा."

"का गं? माझा इटाळ झाला का काय?"

हौसा आतून म्हणाली, "आमी लई वर्सं उंबऱ्याभायेर हुतो, तात्या. आज तुमची पाळी."

सगळ्यात मोठ्यानं तात्याच हसला. पण उज्ज्वला हसली नाही.

"रोग आलाय, तात्या. घरात बारा दिवसांचं बाळ आहे. आत यायचं तर हे बांधा." तिनं घरी शिवलेलं एक माक्स पुढं केलं. पिवळ्या कापडावर बारीक निळी फुलं.

तात्यानं ते दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं. "हे कशाचं हाय?"

"झंपराच्या कापडाचं. उरलं होतं."

"झंपर! जगदाळ्यांचा हिंदुराव तोंडाला बायकांचं झंपर बांधणार?"

"सगळं जग बांधतंय."

"जगाला मिशा न्हाईत." मिशीवरून हात फिरवून तो म्हणाला, "ऐक पोरी. माझ्या दारात आजवर तोंडाला काय बांधलं असंल तर ते बैलांनी. मुसकं. ते बी ह्या पिऱ्याच्या हातचं. माझ्या तोंडाला बांधायचंच असलं तर पिऱ्यानं वळलेलं मुसकं आणा, बांधतो. नाथाची आण! पण झंपर न्हाई."

एवढं बोलून त्यानं कुंची फाटकावर ठेवली, लांबूनच बाळावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली आणि निघून गेला. उज्ज्वलानं कुंची काठीनं उचलून साबणाच्या पाण्यात बुडवली. हौसा म्हणाली, "बाळाच्या आधी कुंचीचीच आंघोळ."

गावात तेव्हा नाना पंथ पडले होते. माने गुरुजी एकावर एक दोन माक्स लावायचे आणि वरून चष्मा, त्यामुळं त्यांना समोरचं काही दिसायचं नाही आणि बोललेलं कुणाला कळायचं नाही. देवळातला गुरव फडक्यात कडुलिंबाचा पाला भरून बांधायचा. जवान पोरांची माक्सं हनुवटीला, पोलिसांची गाडी दिसली की वर सरकायची. वेणू कासारीण म्हणायची, "बायका जल्मभर पदर घेत आल्या, तवा कुणी इचारलं न्हाई. बाप्यांवर पाळी आली तर केवढा कालवा." आणि पारावर तात्याचा पंथ. आठ-दहा म्हातारे, सगळ्यांची तोंडं उघडी, मध्ये तंबाखूची एकच पिशवी.

आमच्या गावात त्या वस्तूला सगळे माक्सच म्हणत. मीही माक्सच म्हणत होतो. एवढं ध्यानात ठेवा.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी तात्याकडं नवा कासरा द्यायला गेलो. तो घरी नव्हता. वरच्या खोलीच्या खिडकीतून शेवंता वहिनींनी हाक मारली. तात्याची बायको. तिला वीस वर्षांचा दमा. औषधाचा पंप सदा हातात.

"पिराजी भावजी, हितंच उभं ऱ्हावा. एक काम हाय."

"सांगा की, वहिनी."

त्या दोन शब्द बोलायच्या, थांबायच्या, पुन्हा दोन शब्द. "तालुक्याचा डाक्टर म्हणला… तुमच्या छातीत जागाच न्हाई. ह्यो रोग आत शिरला तर… बाहेर निघायचा न्हाई. मी दोन आठवडं खाली उतरले न्हाई. पण ह्ये? दिसभर पारावर. आन सांज झाली की वर येऊन माझ्या उशाला बसत्यात. मायेनं बसत्यात, त्येच तर अवघड हाय. जा म्हणवत न्हाई."

"मी सांगतो त्याला."

"सांगून झालं समद्यांचं. बांधा काय तरी त्यांच्या तोंडाला. तुमी दोरवाले हाय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पंप तोंडाला लावून खिडकीतून मागं झाल्या.

जाता जाता पारावर तात्याला गाठलं. म्हटलं, "वहिनीसाठी तरी बांध की." तो म्हणाला, "तू बी सुनंच्या मताचा झालास व्हय? जा, पाळणा हालीव जा." आणि सगळा पार हसला. पण वहिनींचं ते थांबत थांबत बोलणं डोक्यातून जाईना.

गुरुवारी मी फाटकाजवळच्या लिंबाखाली दोरीसाठी घायपाताचा वाख विंचरत बसलो होतो. उज्ज्वला ओढ्यावर बाळुती धुवायला गेलेली. पंचायतीचा शिपाई भानुदास सायकलवरून आला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, नुसते डोळे बाहेर.

"आण्णा, तुमच्या घरचं काम हाय. पंचायतीची चिठ्ठी." फाटकातून कागद आत टाकला आणि तसाच पुढं गेला.

आता मला अक्षरं कशी आली ते सांगितलं पाहिजे. मी शाळेत गेलो नाही. चाळिशी उलटल्यावर आमच्या वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला. समाजमंदिरात कंदील लावून एक बाई शिकवायला यायच्या. मी एक दिवस चुकवला नाही. क, का, कि, की, सगळं शिकलो. मग बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात जोडाक्षरं घेऊ. पुढचा महिना आला, पण बाई आल्या नाहीत. वर्ग बंद पडला. तेव्हापासून मी एवढंच धरून होतो. एसटीची पाटी वाचायची, सही करायची, आणि जोडाक्षर आलं की त्याला वळसा घालून पुढं जायचं. घरात सून आली तिचं नावच उज्ज्वला. वहीत मी तिला 'उजवला' लिहायचो. ती काही बोलायची नाही.

चिठ्ठी मी उन्हात धरली. सगळं लख्ख वाचता आलं. '५० नग, लहान-मोठे, सोमवारी सकाळी रेशन दुकानापाशी पोचवा.' फक्त पहिला शब्द अडला. आधी मा, मग एक पाय मोडलेला स, त्याला चिकटून क. मा-स-क. मासक. असला शब्द मी कधी ऐकला नव्हता. दोनदा वाचला, चारदा वाचला. मग डोक्यात प्रकाश पडला. नवा ग्रामसेवक शहरातला पोरगा, त्याला मुसकं कशाला म्हणतात ते काय ठाऊक! कुणीतरी सांगितलं असेल, ह्यानं कानाला लागलं तसं लिहिलं. मी कानामागची पेन्सिल काढली. माचा काना खोडला, खाली उकार दिला, सचा पाय नीट केला, कला वेलांटी काढली. मुसकी. मुसकी ५० नग. सरकारची चूक मी सुधारली होती. छाती दोन बोटं वर आली.

हौसाला हाक मारली. "ऐकलंस का? पंचायतीनं पन्नास मुसकी मागितल्यात."

"पन्नास? गावात बैल हाईत किती?"

"आठ."

"मग?"

"सरकारी काम हाय. सरकारला इचारायचं नसतं."

"आन लहान कुणासाठी?"

"वासरांसाठी. माती खाऊ नये म्हणून बांधत्यात की."

"रोग माणसास्नी आलाय का वासरास्नी?"

"तेच तर! जनावरास्नी बी व्हईल म्हणून आदुगरच तजवीज केली असंल."

हौसानं माझ्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि वाख पुढं ओढून बसली. दोरी वळायला दुसरं माणूस लागतंच.

मळणीची मशिनं आल्यापासून मला एकेक मुसकं कधीतरी तात्यासाठी करावं लागायचं, तेवढंच. पन्नास म्हणजे माझ्या बापाच्या काळातलं काम. तेव्हा सुगीच्या आधी आमच्या दारात मुसक्यांच्या माळा लटकायच्या. हात विसरले नव्हते. आधी तळाची गाठ, तिच्यातून चारी बाजूंना फाटे, मग जाळी वर चढवत न्यायची, वर जाड काठ, काठाला शिंगांमागं बांधायचे दोन बंद. पंचवीस बैलांची, पंचवीस वासरांची. वासरांची वळताना वाख मऊ घेतला, कोवळ्या नाकाला रुतू नये म्हणून. चार दिवस मान वर केली नाही.

मधूनच उज्ज्वला जाता-येता म्हणायची, "आण्णा, काय चाललंय?"

"हाय आपलं काम," मी म्हणायचो. सोमवारी सगळ्यांसमोर कळू दे, असं मनात होतं.

"मला पण पंचायत माक्स शिवायला सांगणार होती. चिठ्ठी पाठवतो म्हणाले, अजून आली नाही."

"येईल की," मी म्हणालो. चिठ्ठी माझ्याच बंडीच्या खिशात होती.

सोमवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो. उज्ज्वलानं शिवलेलं फुलाफुलाचं माक्स तोंडाला लावलं. काठीच्या दोन्ही टोकांना पंचवीस-पंचवीस मुसकी अडकवली आणि काठी खांद्यावर घेऊन निघालो. रेशनचं दुकान पारासमोर, आणि पारासमोरच तात्याचं घर. फक्कीनं जमिनीवर गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. गुरव पाल्यासकट उभा, माने गुरुजी दुहेरी माक्सात, वेणू कासारीण पदरात. रेशन न्यायला येईल त्याला पंचायतीकडून एक माक्स, असं ठरलेलं. ते मला नंतर कळलं. पारावर तात्या आणि त्याचा पंथ.

ग्रामसेवक टेबल टाकून बसला होता. मी काठी त्याच्यासमोर टेकवली.

"साहेब, पन्नास नग. लहान-मोठे. सांगितल्या वेळेला."

त्यानं चष्मा पुसला. "आण्णा, हे काय आहे?"

"तुमची आर्डर." मी चिठ्ठी काढून दिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "पयल्या शब्दात तुमचं जरा चुकलं हुतं. म्या दुरुस्त केलंय."

त्यानं चिठ्ठी वाचली. आधी त्याचे खांदे हलायला लागले. मग तो टेबलावर वाकला. मग उठून चिठ्ठी सगळ्यांना दाखवत म्हणाला, "अहो, मी मास्क लिहिलं होतं, मास्क! आण्णांनी त्याचं मुसकी केलं! शिवणवाल्या वहिनींची चिठ्ठी होती ती!"

रांगेतले गोल मोडले. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागले. माने गुरुजींचा चष्मा हसून हसून धुरकटला. पारावरून तात्या ओरडला, "आरं पिऱ्या! रेशनला बैल उभं ऱ्हात्यात व्हय रं? पन्नास! बाबाबाबा, पन्नास!" त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तो पारावर आडवा झाला.

लोक मुसक्यांना हसत होते. पण माझं लक्ष ग्रामसेवकाच्या हातातल्या कागदाकडं होतं. माझ्या पेन्सिलीच्या रेघा तिथं सगळ्यांना दिसत होत्या. तीस वर्षं सांभाळलेली अक्षरं अशी भर पारासमोर उघडी पडली. मी काठी उचलली.

तेवढ्यात उज्ज्वला पळत आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. ती माझ्याजवळ उभी राहिली, सहा फूट वगैरे काही नाही, अगदी खांद्याला खांदा. "चला आण्णा. चूक माझी आहे. मी चिठ्ठीची चौकशी करायला पाहिजे होती."

"तुजी कशी चूक, पोरी?"

आम्ही वळलो. इतक्यात थाळी वाजली.

ठण. ठण. ठण. तात्याच्या वरच्या खोलीची खिडकी. मागं एकदा रोग घालवायला गावानं थाळ्या वाजवल्या होत्या, तशीच थाळी आणि चमचा घेऊन शेवंता वहिनी उभ्या होत्या. ओरडायला त्यांच्या छातीत वारा नव्हता, म्हणून थाळी. लोक गप्प होईपर्यंत त्या वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो."

नवऱ्याला मारलेली ती हाक अख्ख्या पारानं ऐकली.

"बारशाच्या दिशी… घरी येऊन मला काय सांगितलंत? पिऱ्यानं वळलेलं मुसकं आणा… बांधतो. नाथाची आण. म्हणलाव का न्हाई?"

तात्या उठून बसला. हसू मिशीतच अडकलं. "ती थट्टा हुती."

"आन आण? ती बी थट्टा?"

तात्यानं नाथाच्या देवळाकडं बघितलं. रांगेत पाला बांधलेला गुरव उभा होता, त्यानं मान डोलावली.

"भावजींनी एक न्हाई… पन्नास आणल्यात. तुमास्नी आवडंल ते घ्या."

मग वेणू कासारणीनं पदरातून सुरुवात केली, आणि मघाचं सगळं हसणं माझ्यावरून उठून तात्यावर जाऊन बसलं. "तात्या, बांधा आता!" "मिशा आत घ्या, तात्या!" "मळणीची पात धरा, तात्या!"

तात्या पारावरून उतरला. चालत माझ्यापाशी आला. दोन हात अंतरावर थांबला.

"पिऱ्या, तू हे मुद्दाम केलंस."

"नाथाची आण, न्हाई. मला जोडाक्षर येत न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग काठीकडं हात केला आणि बैलाचं मुसकं ओढून घेतलं. गडी आणेचा पक्का. त्यानं ते तोंडाला लावलं, तर ते घसरून हारासारखं गळ्यात पडलं. पुन्हा हशा. मी वासराचं एक काढून दिलं. ते त्यानं लावलं. नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खालपर्यंत, सुतभर इकडं नाही की तिकडं नाही. वासराचं मुसकं माणसाच्या तोंडाला नेमकं बसतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

"बंद कुठं बांधू? मला शिंगं न्हाईत."

"टोपीमागं बांध."

ग्रामसेवक पुढं झाला. "अहो तात्या, आण ठीक आहे, पण ह्याला भोकं आहेत. करोना काय हत्तीएवढा नाही. हे चालणार नाही."

आता सगळं पुन्हा जिथल्या तिथं आलं. तात्याचे डोळे चमकले. मी वर खिडकीकडं बघितलं. वहिनींच्या हातातली थाळी खाली आली होती.

उज्ज्वला म्हणाली, "अर्धा तास द्या. मी आतून अस्तर लावते."

"कशाचं अस्तर?" तात्यानं विचारलं.

"झंपराचं."

तात्यानं मुसक्यावरून हात फिरवला. गाव वाट बघत होतं.

"आतनं ना?"

"आतनं."

"भायेरनं दोरच दिसंल?"

"दोरच."

"मग लाव. पण फुलाफुलाचं नको."

"फुलाफुलाचंच उरलंय, तात्या."

त्यानं एकदा वर खिडकीकडं बघितलं. मग मुसकं सोडून तिच्या हातात दिलं. "लाव," म्हणाला.

त्या दिवशी दुपारी तात्या मुसकं बांधून अख्ख्या गावातून फिरला. मान ताठ, बेंदराच्या सणाला मिरवणुकीत बैल चालतो तसा. पोरं घराघरांतून बघायला आली. दुसऱ्या दिवशी पारावरचे दोघे माझ्या फाटकाशी आले. एकजण म्हणाला, "पिराजीआण्णा, वासराचं एखादं शिल्लक हाय का?" झंपराचं फडकं नको म्हणणाऱ्या त्या साऱ्या मिशाळांना दोराचं मुसकं चालत होतं. आत फुलं होती, पण ती फक्त त्यांच्या नाकाला माहीत. आठवड्याभरात वासरांची पंचवीसही संपली. बैलांची उसवून मी पुन्हा लहान वळली. रेशनवाल्यांची माक्सं उज्ज्वलानं दोन दिवसांत शिवून दिली. चिठ्ठीतला शब्द मात्र ग्रामसेवकानं तसाच ठेवला. म्हणाला, राहू दे, दप्तरात एक तरी कागद बघण्यासारखा असू दे.

दहा-बारा दिवसांनी तात्या लिंबाखाली आला. लांब दगडावर बसला. तोंडाला मुसकं होतं.

"पिऱ्या, आत लई गरम हुतं रं."

"व्हायचंच."

"पन्नास वर्सं मी बैलांच्या तोंडाला बांधत आलो. त्यास्नी बी असंच व्हत असंल?"

"असंल की."

"मग बांधायचं कशाला? बैलाला काय फायदा?"

मी दोरी वळत होतो. हात न थांबवता म्हणालो, "मुसकं बैलासाठी कुठं असतं, तात्या? खळ्यासाठी असतं. खळ्यातलं धान्य वाचावं म्हणून."

तात्या उठला, बंद घट्ट केले आणि घराकडं गेला.

त्या संध्याकाळपासून तो वर उशाला जाऊन बसायचा बंद झाला. अंगणात खिडकीखाली बाज टाकायचा. वहिनी वरून बोलायच्या, हा खालून. आजचा दोडका कडू होता इथपासून ते लग्नात कुणी कुणाचा मान चुकवला इथपर्यंत. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. वेणू कासारीण म्हणायची, ह्या दोघांचं एवढं बोलणं लग्नापासून कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा आमच्या गावातली सात माणसं गेली. पारावरचे दोघे त्यात होते. तात्यालाही रोग झाला. तो सतरा दिवस गोठ्यात बैलांबरोबर राहिला, तोंडाला मुसकं बांधून. मी लांबून भाकरी ठेवायचो. तो म्हणायचा, "पिऱ्या, आता दावणीला तीन झालो." वहिनींना काही झालं नाही. त्या आजही वरच्या खोलीत आहेत, पंपही आहे.

मी बारशाच्या त्या उन्हाळ्यात सुनेकडून जोडाक्षरं शिकलो. दुपारी बाळ झोपलं की ती पाटी घेऊन बसायची. म्हणायची, "आण्णा, हा स मोडलेला नाही. तो अर्धा आहे. अर्धं अक्षर एकटं उभं राहत नाही, पुढच्याच्या खांद्याला टेकतं. एवढंच." पहिला शब्द मी 'मास्क' लिहिला. दुसरा 'उज्ज्वला'. त्याला तीन दिवस लागले. तिनं ते पान वहीतून काढून शिलाई मशीनच्या खणात ठेवलं.

तात्याचं पुढं असं झालं. बेंदराची तयारी चालली होती. दुपारी तो गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होता. एका बैलाची दोन्ही झाली, दुसऱ्याचं एक झालं, आणि तो तिथंच दावणीला टेकून बसला. छातीत कळ आली एवढंच. रोग नाही, काही नाही. राहिलेलं शिंग मी रंगवलं.

त्याला पोचवायला सारा गाव होता. एकमेकांना चिकटून, आणि कुणाच्याच तोंडाला काही नव्हतं.

त्याआधी पंचायतीच्या फळ्यावर लिहायला भानुदासनं खडू घेतला होता. मी तो मागून घेतला. भानुदास म्हणाला, "आण्णा, नीट लिवा. माघारी दुरुस्ती नको." तीन जोडाक्षरं होती. सावकाश लिहिली. कुणाला सुधारावी लागली नाहीत.

'हिंदुराव बाबाजी जगदाळे, आपले तात्या, बेंदराच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता वारले. सन २०२३.'